भरल्या ताटावरून

"ऊर्मी नको. तुम्ही आणा मला काहीतरी," वनिता म्हणाली आणि खुर्चीत मागे टेकून बसली. म्हटलं तर साधं वाक्य. पण ऊर्मी, आमची मुलगी, अर्धवट उठली होती ती तशीच थांबली, एकदा आईकडे आणि एकदा माझ्याकडे बघून पुन्हा खाली बसली. "जा बाबा," ती म्हणाली, "प्लेट्स तिकडे सुरुवातीलाच आहेत." ईशिता, माझी नऊ वर्षांची नात, केव्हाच चॉकलेटच्या कारंज्याकडे पळाली होती. मी गेलो. ढिगातली वरची प्लेट उचलली. ती गरम होती, माणसाने नुकती धरून ठेवल्यासारखी. आणि पहिल्या काउंटरसमोर उभा राहिलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, की वनिताला खायला काय आवडतं हे मला माहीत नाही.

आधी विश्वासच बसला नाही. एकाहत्तराव्या वर्षी माणूस विसरतो, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतो, तसंच हे काहीतरी असेल, आत्ता आठवेल, असं म्हणून मी तिथेच थांबलो. मागून एक उंच बाई आली आणि "आर यू इन लाइन?" म्हणाली. मी बाजूला सरकलो. वनिताचा रक्तगट मला माहीत आहे. तिच्या चपलेचा नंबर, डाव्या डोळ्याचा नंबर, तिच्या आईचं माहेरचं आडनाव, तिचे ब्लाउज शिवणाऱ्या चिंचवडच्या शिंप्याचं दुकान कुठल्या बोळात होतं ते, सगळं माहीत आहे. खाण्यात म्हणाल तर पुरणपोळी. पण पुरणपोळी मला आवडते. भरलं वांगं, तेही मला. अळूची वडी, दाण्याचं कूट जास्त घातलेली साबुदाण्याची खिचडी, ताकातली पालेभाजी, एकेक पदार्थ मनात उचलून पाहिला तर प्रत्येकाच्या मागे माझंच तोंड. 'मला आज अमुक खावंसं वाटतंय' असं तिने म्हटल्याचं एकही वाक्य मला आठवेना. ऊर्मीच्या वेळी डोहाळे लागले असतील, पण तेव्हा ती माहेरी साताऱ्याला होती. ते तिच्या आईला माहीत, आणि त्यांना जाऊन वीस वर्षं झाली.

आणि आजच्या दिवशी तरी हे माहीत असायला हवं होतं. फेब्रुवारीत वनिताच्या पोटातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, टाके भरले, डॉक्टर खूश झाले, पण तिची भूक काही परत आली नाही. दोन घास झाले की चमचा खाली. एकोणपन्नास किलो होती ती आता एक्केचाळीसवर आली आहे. डायटिशियन मोठी गोड बाई. तिने खुर्ची पुढे ओढून वनिताचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "एनीथिंग शी लाइक्स. मऊ, कडक, काहीही, नीट चावून खा म्हणावं. फक्त तिला आवडेल ते द्या." आम्ही दोघांनी, मी आणि ऊर्मीने, माना डोलावल्या. उद्या सोमवारी पुन्हा वजन. कमी भरलं तर नाकातून नळी घालणार. वनिताने त्यावर एवढंच म्हटलं, "नळीनं जेवायला मी काय गाडी आहे, पेट्रोल भरायला?" आम्ही हसलो. पण त्याच दिवशी दुपारी ती भिंतीकडे तोंड करून रडत होती. मी दारात पेपर घेऊन उभा होतो, आणि पेपर घेऊनच परत फिरलो. दवाखान्यातून येताना गाडीत ऊर्मीने तिला विचारून पाहिलं होतं, "आई, तुला काय आवडतं ते सांग ना, मी करते." ती म्हणाली, "काहीही चालेल." हे तिचं नेहमीचंच उत्तर. चव्वेचाळीस वर्षं मी ते ऐकत आलो आणि दर वेळी मला वाटायचं, बरं झालं, कटकट नाही.

म्हणून ऊर्मीने ही युक्ती काढली. नदीकाठच्या कॅसिनो हॉटेलातला रविवारचा ब्रंच. सगळ्या जगाचं खाणं एका छपराखाली, काही ना काही तरी आईला खावंसं वाटेलच. आम्ही ऊर्मीकडे परदेशात, सरेला येऊन नऊ वर्षं झाली, पण इथे कधी पाऊल टाकलं नव्हतं. लहान मुलांना जुगाराच्या मजल्यावर जाता येत नाही, म्हणून ईशितामुळे आम्हाला हॉटेलच्या बाजूने, जाड गालिच्यावरून, लांबचा वळसा घालून आणलं. मध्ये एक काचेचं दार होतं. त्याच्या पलीकडे रांगेने मशिनं, त्यांच्यासमोर पाठमोरी बसलेली माझ्याच वयाची माणसं, आणि किणकिण, किणकिण, न थांबता. वनिता दम खायला तिथे थांबली. "शेवटी जुगाराच्या अड्ड्यावर आणलंत मला," ती म्हणाली. ऊर्मी म्हणाली, "आई, हे फोर स्टार हॉटेल आहे." वनिता म्हणाली, "असेल की. अड्डा चांगला आहे, मी कुठे नाही म्हटलं." शालीतून तिचं मनगट बाहेर आलं होतं. बांगडी कोपरापर्यंत जाईल इतकं ते बारीक झालं आहे. मी दुसरीकडे बघितलं. हल्ली मी दुसरीकडे फार बघतो.

मी चौतीस वर्षं चिंचवडच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनमध्ये काढली. समोर आलेला प्रत्येक नग हातात घ्यायचा, मापायचा, आणि पास का रिजेक्ट ते सांगायचं. ती सवय घरीही आली. आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. आतली खोली म्हणजे स्वयंपाकघर, तिथे मी पाटावर, भिंतीला पाठ लावून जेवायला बसायचो. वनिता ओट्याशी उभी. तव्यावरची पोळी थेट माझ्या ताटात. पहिला घास तोंडात गेला की ती न वळता विचारायची, "कसं झालंय?" मी चावायचो, जरा वेळ घ्यायचो, उगाच भाव खायचो, आणि निकाल द्यायचो. मीठ बेताचं. फोडणी जरा करपली. आज जमलंय. 'आज जमलंय' हे माझं सर्वांत मोठं सर्टिफिकेट. ते मिळालं की ती दुसरी पोळी टाकायची आणि तिच्या मानेवरचा घाम मला मागून दिसायचा. मला त्या खोलीची अजून ओढ वाटते, खोटं कशाला बोलू. ओल्या कणकेचा वास, खिडकीतल्या तुळशीपलीकडे शेजारच्यांचा रेडिओ, पितळी पिंपावर उन्हाचा एक चौकोन. असं जेवण मला पुन्हा मिळालेलं नाही आणि मिळणार नाही. पण त्या सगळ्या आठवणीत वनिता जेवताना कुठेच नाही. मी हात धुऊन बाहेरच्या खोलीत गेलो की मग ती बसायची. लग्नामुंजीत पुरुषांची पंगत आधी, बायकांची मागून. त्यांच्या पंक्तीला जिलबी वाढेपर्यंत आम्ही मांडवाबाहेर विडे चघळत राजकारणावर बोलत असायचो. इथे आल्यावर आम्ही सगळे टेबलावर एकत्र बसतो, ऊर्मीचा तसा दंडकच आहे, पण वनिता बसते ती खुर्चीच्या कडेवर, निम्मं अंग ओट्याकडे ठेवून. आणि तिच्या पुढ्यात फ्रिजमधला कालचा डबा. आज केलेलं आम्हाला. मी हे रोज बघत होतो. इन्स्पेक्शनचा माणूस, आणि चव्वेचाळीस वर्षांत हे एक माप घ्यायचं राहून गेलं.

काउंटरमागून काउंटर गेले. भाजलेला भोपळा, चीजच्या चकत्या, काकडी गुंडाळलेले भाताचे चिमुकले तुकडे, बर्फावर कोळंबीचा डोंगर, तो आमच्या कामाचा नाही, आम्ही दोघं शाकाहारी. एका टोपीवाल्याने "समथिंग फॉर यू, सर?" विचारलं. मी म्हटलं, "नॉट फॉर मी, फॉर वाइफ." तो म्हणाला, "व्हॉट डझ शी लाइक?" आता ह्याला काय सांगू. मी थँक्यू म्हणून पुढे गेलो आणि प्लेट भरायला लागलो, कारण रिकामी प्लेट घेऊन परत जाण्याचं धैर्य माझ्यात नव्हतं. लोणी घालून घोटलेला बटाटा घेतला, मऊ आहे. देशी काउंटरवरचं लाल रस्स्यातलं पनीर घेतलं. तळलेली मिरची घेतली, तोंडाला चव येईल. चीजकेक घेतला, तो श्रीखंडाच्या वळणाचा असतो. गुलाबजाम घेतला, मग आणखी एक घेतला. प्लेट छान दिसत होती. आमच्या कारखान्यात असा नग डोळे मिटून पास झाला असता.

वनिताने प्लेटीकडे बराच वेळ बघितलं. मग एकेका पदार्थावरून काटा फिरवला, न टोचता, यादी वाचावी तसा. "हे सगळं तुमच्या आवडीचं आहे," ती म्हणाली. रागाने नाही. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, हेच मला जास्त लागलं. तिने बटाटा चमचाभर तोंडात घातला, कितीतरी वेळ तोंडातच ठेवला, मोठ्या कष्टाने गिळला आणि चमचा प्लेटीच्या कडेला नीट, आवाज न करता ठेवून दिला. ईशिता चॉकलेटने माखलेली स्ट्रॉबेरी घेऊन आली होती. "आज्जी, ट्राय दिस. जस्ट वन बाइट." वनिताने तिच्या गालावरचं चॉकलेट पुसलं आणि म्हणाली, "तू खा गं राणी, मी नंतर घेते." ऊर्मीने तोंड खिडकीकडे वळवलं. बाहेर नदीतून एक छोटी बोट ओंडक्यांची लांबच लांब रांग ओढत चालली होती, इतकी हळू की पुढे सरकते आहे की नाही ते कळत नव्हतं. "मी आणू का काही, आई?" ऊर्मीने खिडकीकडे बघतच विचारलं. वनिता म्हणाली, "नको. ह्यांना आणू दे." आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात थट्टा होती का, आणखी काही होतं, मला सांगता येणार नाही. मला एवढंच वाटलं की उद्याच्या सोमवारपेक्षा ह्या बाईला आज काहीतरी हवं आहे, आणि ते दुसऱ्या कुणी आणून चालणार नाही. मी पुन्हा उठलो. या खेपेला प्लेट घेतली नाही.

नुसता फिरत राहिलो. गरम दिव्यांखालून, वाफेतून, मुलांच्या पायातून. आता मी बघणंही सोडलं होतं. आणि मग हॉलच्या अगदी टोकाच्या कोपऱ्यातून तो आवाज आला. खर्र. थांबून पुन्हा, खर्र, खर्र. लोखंडी उलथनं भांड्याच्या तळाला घासल्याचा. माझे पाय आपोआप थांबले. हा आवाज माझ्या ओळखीचा होता. बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत मी पेपर उघडायचो, शेजारच्या रेडिओवर दुपारच्या बातम्या लागायच्या, आणि आतून हा आवाज यायचा. खर्र, खर्र. मग एक झाकण. मग वाटीत चमचा, बराच वेळ. मग नळ. मी तिला जेवताना पाहिलं नव्हतं, पण ऐकलं होतं, रोज, वर्षानुवर्षं, बातम्यांच्या मागे. पातेल्याच्या तळाला लागलेला भात खरवडून घ्यायची ती. आणि ते झाकण फडताळातल्या ताकाच्या भांड्याचं. दुसऱ्या कुठल्या भांड्याला तसं सैल, लवकर न थांबणारं झाकण आमच्याकडे नव्हतं.

पण त्या आवाजाबरोबर आणखीही एक गोष्ट वर आली, जी मी इतकी वर्षं तळाशी दाबून ठेवली होती. ऊर्मी तेव्हा दीड वर्षाची. शनिवारी माझ्या हातून पास झालेला एक लॉट गिऱ्हाइकाकडून परत आला होता आणि साहेबांनी सगळ्या कामगारांसमोर माझी खरडपट्टी काढली होती. रविवारी सकाळी मी वनिताला सांगितलं, मसालेभात कर. ऊर्मीला ताप होता. ती आईच्या खांद्यावरून खाली उतरायला तयार नव्हती, सारखी किरकिरत होती. भात लागला. ताट माझ्यासमोर आलं, पूर्ण वाढलेलं, डावीकडे कोशिंबीर, लिंबाची फोड, उजवीकडे बटाट्याची भाजी, मध्ये भाताची मूद, वर तूप. पहिल्या घासाला करपट वास आला. तिने एका हाताने पोर सावरत विचारलं, "कसं झालंय?" आणि मी म्हटलं, "हे माणसांनी खायचं आहे का?" आणि भरल्या ताटावरून उठलो. चपला घातल्या, दार आपटलं, चौकातल्या हॉटेलात गेलो आणि मिसळ खाल्ली. दोन पाव जास्त घेतले. एक भजी प्लेटही घेतली. दीड तासाने परत आलो तर दार नुसतं लोटलेलं होतं. आत ऊर्मी झोपली असावी, आवाज नव्हता. आणि मग आला. खर्र, खर्र. मी दाराशी उभा राहून ऐकलं. आत जाऊन तिच्यासमोर बसावं, चुकलं म्हणावं, असं वाटलं होतं, हे मी आज शपथेवर सांगू शकतो. पण मी बाहेरच्या खोलीत पेपर तोंडावर घेऊन पडलो. तेव्हापासून मी जेवताना मध्ये कधी उठलो नाही, फोन वाजला तरी नाही, घरचे सगळे ह्याला माझी शिस्त समजतात.

त्या कोपऱ्यात दोन कानांच्या, परातीएवढ्या सपाट कढया होत्या. स्पॅनिश भात, पिवळाधमक. एकीत शिंपले वगैरे, दुसरीवर शाकाहारी अशी पाटी. ही दुसरी संपली होती. पांढऱ्या टोपीतली, पन्नाशी उलटलेली एक बाई तिचा तळ उलथन्याने साफ करत होती. बिल्ल्यावर जसबीर असं नाव. तपकिरी, कुरकुरीत पापुद्रे कढईच्या कडेला जमत होते आणि बाजूला कचऱ्याचं पिंप तोंड उघडून तयार होतं.

"फेंकने का नहीं," मी म्हणालो. घाईत माझी हिंदी आणखीच मराठी होते. "वो मेरे को दो."

तिने दचकून वर बघितलं. "अंकल जी, ये तो जल गया. नया आ रहा है, बस पाँच मिनट."

"नया नहीं चाहिए. ये जो लगा हुआ है नीचे, यही चाहिए. मेरी मिसेस के लिए."

"आंटी जी को ये?" ती म्हणाली. "ये सर्व करने का नहीं है जी. सुपरवाइज़र देखेगी तो मुझे बोलेगी."

मी आमच्या टेबलाकडे हात केला. लांबून वनिता आणखीच लहान दिसत होती, खुर्चीवर कुणी शाल विसरून गेल्यासारखी. मी म्हणालो, "तीन महीने से कुछ खाया नहीं उसने." हे काही अगदी खरं नव्हतं, पण माझा आवाज मध्येच फाटला. जसबीरने टेबलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. काउंटरखालून एक सूपची वाटी काढली, एप्रनला पुसली, आणि करपून काळे झालेले तुकडे बाजूला सारत, तपकिरी, तेलकट असे निवडून निवडून भरायला लागली. "नीचे वाला घर में मैं ही खाती हूँ," ती उलथनं चालवत म्हणाली. "बच्चे हाथ नहीं लगाते." तिने वाटी माझ्या हातात दिली. मी नाश्त्याच्या काउंटरवरून साधं दही घेतलं. ताक इथे कुठून मिळणार. पाण्याच्या ग्लासातून थोडं पाणी घालून चमच्याने मीच ते घुसळलं. जन्मात पहिल्यांदा मी कुणासाठी काहीतरी कालवलं, आणि ते एका जुगाराच्या हॉटेलात, उभ्याने.

टेबलावर माझ्या जागी ऊर्मीने माझ्यासाठी वेगळं ताट भरून आणलेलं होतं. मी दोन्ही वाट्या वनितासमोर ठेवल्या आणि बसलो. ती वाकून बघत राहिली.

"खरवड," ती म्हणाली. मग वर बघितलं. "कुठून आणलीत?"

"तिकडून. बाई फेकून देत होती."

"बाबा, ते किती हार्ड आहे," ऊर्मी म्हणाली. "आईच्या पोटाला…"

"राहू दे गं," वनिता म्हणाली. तिने एक पापुद्रा उचलला, पातळ दह्यात बुडवला, जरा मऊ होऊ दिला आणि तोंडात घातला. मी समोर बसून बघत होतो. ती डाव्या बाजूने चावते. चावताना डोळे किंचित बारीक करते आणि गिळायच्या आधी क्षणभर थांबते, ऐकत असल्यासारखी. हे मला माहीत नव्हतं. दुसरा तुकडा. तिसरा. ऊर्मीने हातातला काटा खाली ठेवला होता.

"कसं झालंय?" मी विचारलं.

तिने चावायचं थांबवलं. माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा चावायला लागली, जरा वेळ घेतला, उगाच भाव खाल्ला, आणि म्हणाली, "मीठ बेताचं. पण जमलंय."

ऊर्मी खुदकन हसली आणि लगेच तिने डोळे पुसले. मला हसू आलं नाही. आत्ता बोललो नाही तर पुन्हा कधी बोलणार नाही असं वाटलं. मी म्हणालो, "वनिता, ऊर्मी लहान होती तेव्हा एका रविवारी मी ताटावरून उठून गेलो होतो."

"हो," ती म्हणाली. "मिसळ खायला."

"हे तुला कसं माहीत?" मी विचारलं.

"शर्टावर तर्रीचा डाग होता. मीच नाही का धुतला." तिने आणखी एक तुकडा दह्यात सोडला. "भजीही खाल्ली असणार. मिसळीबरोबर तुम्हाला लागतेच."

"माझं चुकलं होतं," मी म्हणालो. पोरीसमोर, नातीसमोर म्हणालो. अगदी साधे तीन शब्द, पण मला ते पत्र वाचल्यासारखे म्हणावे लागले. "आणि तू मात्र ते करपलेलं खात बसलीस. मी दारातून ऐकलं होतं."

"त्या दिवशी रडत खाल्ली," वनिता म्हणाली. "फेकवेना म्हणून. ताकात कालवली नि खाल्ली. दोन-चार घासांनंतर लक्षात आलं, अगं बाई, हे तर चांगलं लागतंय." ती थांबली, श्वास घेतला. एवढं सलग ती कित्येक आठवड्यांत बोलली नव्हती. "मग मी मुद्दाम लावायला लागले. तुमचं ताट वाढून झालं की पातेल्याखालचा गॅस मोठा करायचा. दोन मिनिटं. तुम्ही बाहेर जाईपर्यंत मस्त तपकिरी व्हायची. तेवढं एक माझ्यासाठी म्हणून करायची मी."

"रोज?" मी विचारलं.

"रोज. तुम्हाला कधी वास आला नाही?"

आला नाही. चौतीस वर्षं इन्स्पेक्शनमध्ये काढलेल्या माणसाच्या नाकाखाली हे चाललं होतं. मला काय वाटलं ते सांगणं कठीण आहे. सुटल्यासारखं वाटलं आणि लुबाडलं गेल्यासारखंही. तिची कीव करत मी आत्ता त्या कढईपर्यंत गेलो होतो, आणि तिचं तर तिथे एक छोटंसं राज्य होतं, झाकणासकट, ज्याची मला कधी वर्दीच लागली नाही. त्या दोन खोल्यांमधल्या माझ्या सगळ्या दुपारी, तो उन्हाचा चौकोन, त्या बातम्या, मला पुन्हा एकदा पहिल्यापासून आठवून बघाव्याशा वाटल्या, या वेळी आतल्या खोलीत बसून. मी म्हणालो, "मला कधी दिली नाहीस ती."

"मागितली कुठे तुम्ही."

"आता दे."

"नाही," ती म्हणाली आणि वाटी थोडी स्वतःकडे ओढली. "ही माझी आहे. तुम्ही तुमचं जेवा. गार होतंय."

मी जेवायला लागलो. ऊर्मीने वाढलेलं ताट गच्च भरलेलं होतं. एका बाजूला पनीर, एका बाजूला बटाटा, गुलाबजाम वेगळ्या वाटीत. मी एक घास घेतला, दुसरा घेतला. काचेच्या दारापलीकडची किणकिण इथवर बारीक ऐकू येत होती. ईशिता तिच्या आजीच्या वाटीत डोकावून म्हणाली, "आज्जी, इज इट लाइक चिप्स?" वनिताने तिला एक छोटा तुकडा दिला. मला नाही दिला, तिला दिला. मग उरलेलं संपवलं, आणि तळाला चिकटलेलं चमच्याने काढायला लागली. चिनी मातीवर चमचा घासला तर तो आवाज होत नाही, पण मी ओळखला. ती खरवडत होती, आणि या वेळी माझ्यासमोर बसून.

मग तिने रिकामी वाटी टेबलावरून माझ्याकडे सरकवली.

"अहो," ती म्हणाली, "आणखी थोडी आणा. कडेची."

मी भरल्या ताटावरून उठलो.